डेकवर ब्रश कोण धरणार?

न्यू जर्सीत घर घेतलं की दोन-चार उन्हाळ्यांत मागच्या डेकचा विषय निघतोच. मी हिशेबाच्या कामात आहे, म्हणून ओळखीतले मला विचारतात, लाकूड घ्यावं की कंपोझिट?

डेकवर दिसतात त्या फळ्या, पण बराचसा पैसा जातो तो त्यांच्या खाली. इथली जमीन थंडीत गोठून फुगते, म्हणून खांबांचे पाये साधारण तीन फूट खोल न्यावे लागतात. मग तुळया, घराला जोडणारी लेजर फळी, जिना, टाउनशिपचं परमिट, मजुरी. वर काहीही टाका, खालचा सांगाडा सहसा प्रेशर ट्रीटेड पाइनचाच. तेव्हा तुलना करायची ती फक्त फळ्यांची.

बारा बाय सोळा फुटांचा डेक धरू. साडेपाच इंच रुंदीच्या, सोळा फुटी 26 फळ्या लागतात. पाइन फुटाला दीड डॉलर धरलं तर 624 डॉलर. मध्यम दर्जाचं कंपोझिट फुटाला चार डॉलर धरलं तर 1664. फरक 1040 डॉलरचा. तुमच्या दुकानातले दर घालून हाच हिशेब पुन्हा करा, कारण लाकडाचा भाव फार हलतो. 2021च्या मे महिन्यात तो गगनाला भिडला होता.

आता देखभाल. पाइनला दर दोन-तीन वर्षांनी स्टेन लावावा लागतो: डेक धुवायचा, चांगला सुकू द्यायचा, मग ब्रश. घरच्या घरी केलं तर शंभरेक डॉलरचं सामान. माणूस लावला आणि त्याने चौरस फुटाला तीन डॉलर घेतले, तर 576. म्हणजे माणूस लावणाऱ्याचे कंपोझिटचे जादा पैसे दुसऱ्या खेपेलाच वसूल होतात. स्वतः ब्रश धरणाऱ्याचे मात्र फळ्या बदलायची वेळ आली तरी व्हायचे नाहीत. आमच्याकडे नवऱ्याला या कामाची मनापासून आवड आहे, म्हणून आम्ही पाइनच घेतलं. गुडघे दुखणाऱ्या किंवा शनिवार-रविवार कामावर जाणाऱ्या माणसाला मी कंपोझिटच सांगते.

कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक, बरंचसं पुनर्वापरातलं. त्याला कुसळं निघत नाहीत, स्टेन लागत नाही. पण फटींतला पाचोळा काढावाच लागतो, नाहीतर ओल धरते. आणि ते तापतं. नणंदेकडे गडद तपकिरी फळ्या आहेत. जुलैच्या दुपारी तिच्या सासूबाई कुरडयांचं ताट उन्हात ठेवायला जातात, तर अनवाणी पाय टेकवत नाही. उन्हातल्या डेकला फिका रंगच घ्यावा.

जुना डेक 2004च्या आधीचा असेल तर त्या लाकडात आर्सेनिक असू शकतं. ते घासू नका, जाळू तर मुळीच नका. नव्या ट्रीटेड लाकडात तांबं असतं, त्याने साधे स्क्रू गंजतात; गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसचेच मागा.

जुन्याच सांगाड्यावर नव्या फळ्या टाकायच्या असतील, तर आधी खाली वाकून लेजर फळीत आणि तुळयांच्या टोकांत स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. तो रुतला, तर फळ्यांची दोन्ही कोटेशनं बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा सांगाड्याचं मागवा.