पाणी पाहून झाड, उतार पाहून जागा



मृगाचा पाऊस पडला की रोपवाटिकेवर गर्दी होते. शेजाऱ्याने आंबा लावला म्हणून आपणही आंबा, कुणी मोसंबी नेली म्हणून आपणही मोसंबी. रोप आणताना भाव विचारतो, जात विचारतो, पण एक गोष्ट विचारायची राहून जाते. येत्या चैत्र-वैशाखात या झाडाला पाणी कुठून घालणार? २०१२-१३ च्या दुष्काळात जालना भागातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. दहा-बारा वर्षे जिवापाड जपलेली झाडे लोकांना कुऱ्हाडीने तोडावी लागली. मोसंबी वाईट नव्हे, पण ती बारमाही पाण्याची आहे, आणि विहीर बारमाही नव्हती.

म्हणून आधी हिशेब करू. १ मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर पडला तर ते १०,००० लिटर पाणी होते. तुमच्याकडे वर्षाला ५०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे २० इंच पाऊस पडत असेल, तर एका एकरावर सुमारे २० लाख लिटर पाणी आभाळातून फुकट येते. उतार उघडा असला तर त्यातले बरेचसे ओढ्याला जाते, आणि जाताना मातीही घेऊन जाते. पाणी कमी आहे हे खरे, पण जे येते तेही आपण थांबवत नाही, हेही तितकेच खरे.

आधी शेत पाहा

पहिल्या जोराच्या पावसात डोक्यावर पोते घेऊन शेतातून एक चक्कर मारा. पाणी कुठून येते, कुठे साचते, कुठे बांध फोडते ते दिसेल. तिथे खुंट्या ठोकून ठेवा. वरचा मुरमाड, उथळ भाग पिकासाठी नसतो. तिथे दरवर्षी बाजरी पेरून बियाणे वाया घालवण्यापेक्षा झाडे आणि गवत बरे. मधला भाग पिकाला, आणि खालची ओलीची, गाळाची पट्टी भाजी किंवा लिंबासारख्या थोड्या जास्त पाण्याच्या झाडाला द्या. तहानलेली झाडे सगळ्या शेतात विखरून लावली की पाण्यामागे धावून माणूस दमतो. ती एकाच जागी, विहिरीजवळ ठेवा.

घराजवळही हाच नियम. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी रस्त्यावर सोडून डास कशाला वाढवायचे? छोटा चर काढून ते केळी, अळू, शेवगा, कढीपत्ता यांना द्या. एवढ्या पाण्यावर घरची भाजी निघते.

समपातळीचा चर

मुरमाड उतारावर चर उताराला आडवा, समपातळीत हवा. नजरेने काढलेला चर बहुधा एका बाजूला कलतो आणि पाणी तिकडूनच फोडून जाते. त्यासाठी घरचेच एक साधन करा. सारख्या लांबीच्या दोन काठ्या शेंड्याला बांधा, खालचे पाय फाकवा, मध्ये आडवी काठी बांधा आणि शेंड्यावरून दगड बांधलेली दोरी सोडा. जमिनीत दोन खुंट्या ठोकून त्यांवर पाय ठेवा व दोरी आडव्या काठीला लागते तिथे खूण करा. मग पाय उलटसुलट ठेवून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्यावर पक्की खूण करा. शेतात दोरी या खुणेवर आली की दोन्ही पाय समपातळीत आले समजावे.

चर २ फूट रुंद आणि १ फूट खोल पुरे. असा १ मीटर लांबीचा चर एका वेळी सुमारे १८० लिटर पाणी धरतो. निघालेली माती खालच्या अंगाला टाका, आणि झाड त्या मातीच्या अंगाला लावा, चरात नको. चर सलग एकटाकी न खणता मधेमधे हातभर जागा तशीच सोडा, म्हणजे एखाद्या ठिकाणी फुटला तरी सगळे पाणी तिकडे धावत नाही. मातीच्या वरंब्यावर गवताचे बी टाका. खोल काळ्या जमिनीत मात्र हे चर नकोत. तिथे बांधबंदिस्ती आणि दगडी सांडवा लागतो.

झाड कोणते?

कोरडवाहू झाडाची ओळख सोपी आहे. त्याची वाढ आणि फळ पावसाच्या ओलीवर होते, आणि उन्हाळ्यात ते झोपी जाते. बोर पाहा. उन्हाळ्यात पाने टाकते, पाऊस आला की फुटते, आणि थंडीत फळ देते. सीताफळही असेच. शिवाय त्याच्या पानाला शेळी सहसा तोंड लावत नाही, हा गुण कुंपण नसलेल्या शेतकऱ्याला फार मोठा. आवळा, चिंच, कवठ ही याच जातकुळीतली.

बोरात उमराण व कडाका, सीताफळात बाळानगर, आवळ्यात कृष्णा व कांचन, चिंचेत प्रतिष्ठान या जाती चालतात. अंतर सीताफळाला ५ मीटर, बोराला ६, आवळ्याला ७ आणि चिंचेला १० मीटर ठेवा. रोप लहान दिसते म्हणून दाट लावायचा मोह होतो, पण जमिनीखाली मुळांचे भांडण लागते आणि ओल कुणालाच पुरत नाही. बोराचे सोटमूळ खोल जाते. म्हणून खड्ड्यातच गावठी बोराचे बी लावून पुढे जागेवर डोळा भरलेले झाड पिशवीतल्या कलमापेक्षा काटक होते, असे माझे मत आहे. वर्षभराचा धीर मात्र हवा.

बांधावर गिरीपुष्प लावा, त्याचा पाला खताला आणि आच्छादनाला होतो. विहिरीच्या काठी निलगिरी नको.

पहिले दोन उन्हाळे

काटक झाडसुद्धा पहिले दोन उन्हाळे लेकरासारखेच सांभाळावे लागते. कुंभाराकडून न रंगवलेले, कच्च्या पाझराचे ७ लिटरचे मडके आणा. रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर झाकण ठेवा. मडके हळूहळू पाझरते आणि मुळे तिकडे वळतात. आठवड्यातून एकदा भरले की पुरे. एकरी १६० सीताफळांना आठवड्याला ११२० लिटर लागतात, म्हणजे २०० लिटरची सहा पिंपे. बैलगाडीच्या दोन-तीन खेपा झाल्या. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत १८ आठवडे धरले तर सुमारे २०,००० लिटर. मघाच्या २० लाख लिटरांचा हा शंभरावा भाग! एवढे पाणी शेततळ्यात किंवा विहिरीत राखता आले तर टँकरला पैसे मोजायला नकोत.

बुंध्याभोवती वाळले गवत, भुसकट किंवा पाचट चार बोटे जाड पसरा. बुंध्याला मात्र चिकटवू नका, वाळवी लागते. आच्छादन नसेल तर मडक्याचे निम्मे काम वाया गेले समजा.

बोराची छाटणी एप्रिल-मेमध्ये, झाड झोपेत असताना करावी, कारण फळ नव्या फुटीवर येते. छाटलेल्या काटेरी फांद्या जाळू नका. त्या लहान रोपांभोवती रोवल्या की गुरांपासून दोन वर्षांचे कुंपण होते.