नकाशावरील अंतर आणि मधल्या जागेचे अनुमान

दोन हवामान-केंद्रांची तापमाने ठाऊक असली, की जेथे केंद्र नाही अशा मधल्या ठिकाणचे तापमान अनुमानाने ठरविता येते. या रीतीस अंतर्वेशन म्हणतात. जवळच्या केंद्राची साक्ष अधिक मानावयाची, दूरच्याची कमी, हे तिचे सूत्र. अंतरे नकाशावर मोजली, तरी जिल्ह्याएवढ्या प्रदेशात फारसे बिघडत नाही. सबंध सायबेरिया किंवा कॅनडा पुढे आला, की मात्र नकाशाच फसवू लागतो.

रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटरांचा. ६० अक्षांशावर तो निम्माच भरतो. अक्षांशाचा अंश सर्वत्र जवळजवळ तेवढाच राहतो. समजा, ६० उत्तर अक्षांशावरील एका गावाच्या उत्तरेस २ अंशांवर एक केंद्र आहे, तेथे तापमान उणे २० सेल्सियस. पूर्वेस ३ अंशांवर दुसरे, तेथे उणे १०. अंशांचे सारखे चौकोन आखलेल्या नकाशावर पहिले केंद्र जवळचे दिसते. वस्तुतः ते सुमारे २२२ किलोमीटरांवर आणि दुसरे १६७ किलोमीटरांवर आहे. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात भार दिल्यास नकाशावरून गावाचे तापमान उणे १६.९ येते, खऱ्या अंतरांवरून उणे १३.६.

मर्केटरच्या १५६९ च्या प्रक्षेपणात एका ठिकाणी सर्व दिशांचे प्रमाण सारखे असते, म्हणून वरील दोन केंद्रांपुरते ते चालेल. परंतु त्यात ६० अक्षांशावरील ३०० किलोमीटर विषुववृत्तावरील ६०० इतके लांब दिसतात. केंद्राचा प्रभाव कोठवर पोहोचतो याचे एकच माप सर्वत्र लावणाऱ्यास हा घोटाळा जड जातो. मध्यबिंदूपासूनची अंतरे खरी दाखविणारे प्रक्षेपणही आहे. पण इतर दोन बिंदूंमधील अंतराची हमी ते देत नाही. सर्वच अंतरे खरी राखणारा सपाट नकाशा असूच शकत नाही, हे गाउसच्या १८२७ च्या प्रमेयातून निष्पन्न होते; तेव्हा त्याच्या शोधात वेळ दवडू नये.

म्हणून अंतरे गोलावरच, बृहद्वृत्तावरून मोजावीत आणि प्रक्षेपण आलेले अनुमान रेखाटण्यापुरते निवडावे. सबंध प्रदेशाची सरासरी काढावयाची असेल तर क्षेत्रफळ राखणारे प्रक्षेपण घ्यावे. नाहीतर उत्तरेकडील भागाला फाजील वजन मिळते. सायबेरियाच्या पूर्व टोकास आणखी एक मौज आहे: १८० रेखांश तेथून जातो, आणि अगदी शेजारची दोन केंद्रे भिंतीवरच्या नकाशात डाव्या व उजव्या कडेला जाऊन बसतात.