फियाटचे घरगुती इंजिनकाम : ठाणे ते कल्याण

ठाणे ते कल्याण या पट्ट्यातील हौशी मोटारदुरुस्तीचा आढावा घेताना फियाट 1100 आणि तिचाच पुढचा अवतार असलेली प्रीमियर पद्मिनी यांना मध्यभागी ठेवणे भाग आहे. कारण वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात या गाड्या तयार होत असत आणि त्यांचे सुटे भाग, त्यांचे मिस्त्री व त्यांच्यावर जीव टाकणारी कुटुंबे याच रेल्वेमार्गाच्या आसपास सापडत. कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात पुढे प्यूजो 309 ही गाडीही बनली, परंतु तिच्याभोवती अशी हौस रुजली नाही. मुंबईतील पद्मिनी टॅक्सीचे आयुष्य ऑक्टोबर 2023 मध्ये नियमानुसार संपले, त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. घरोघरच्या गाड्यांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

फियाट 1100 आणि पद्मिनीचे 1089 घन सेंटिमीटरचे इंजिन मुळात दांते जाकोसा या इटालियन अभियंत्याच्या 1937 मधील 508 सी या गाडीतून आलेले आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतील व्यास, 68 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याचे अंतर, 75 मिलिमीटर, ही मापे भारतीय पद्मिनीने अखेरपर्यंत सांभाळली. इटलीत 1100 डी या गाडीला 1221 घन सेंटिमीटरचे मोठे इंजिन मिळाले, तरी कुर्ल्याने जुनेच माप चालू ठेवले. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि क्रँकला आधार देणारी तीन मुख्य बेअरिंगे, अशी ही रचना साध्या हत्यारांनी उघडता येण्याजोगी आहे, आणि म्हणूनच ती हौशी माणसाच्या आवाक्यात आली.

गाडीचे पुनरुज्जीवन म्हणजे रंग, क्रोम आणि गाद्या, असे मानणारा एक वर्ग आहे. दुसरा वर्ग जुने इंजिन भंगारात देऊन दुसऱ्या गाडीचे बसवतो आणि त्यालाच व्यवहार म्हणतो. हे दोन्ही पक्ष मोजमापाचे काम टाळतात, आणि हौशी इंजिनकामाचा खरा कस तर मोजमापातच लागतो. बोअरची झीज वरच्या टोकाशी, जिथे पिस्टनची वरची रिंग थांबून परत फिरते तिथे, सर्वाधिक असते, कारण तेथे ज्वलनाचा दाब व उष्णता जास्त आणि तेलाचा थर सर्वांत पातळ असतो. या ठिकाणी बोटाचे नख खालून वर फिरवले असता अडकणारी कड लागते. म्हणून प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, क्रँकच्या दिशेने व तिला आडवा, असा सहा जागी मोजावा लागतो. या सहा आकड्यांवरून सिलिंडर निमुळता झाला आहे की लंबगोल, हे कळते, आणि मगच नव्या रिंगांवर भागेल की बोरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतील, हे ठरते. नवी रिंगही सरळ पिस्टनवर चढवायची नसते. ती आधी बोअरमध्ये सोडून, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ बसवून, तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांनी, तपासायची असते, कारण फट अपुरी राहिली तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडून रिंग तुटते. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गुळगुळीत भाग, याच काटेकोरपणे पाहावे लागतात, आणि बेअरिंगच्या टोप्या ज्या जागेच्या व ज्या बाजूच्या असतील तशाच परत बसवाव्या लागतात. इमारतीच्या पार्किंगमध्ये, जुन्या चादरीवर ओळीने मांडलेले भाग आणि वहीत नोंदलेले हे आकडे, यांतूनच इंजिनाची खरी ओळख होते.

कार्ब्युरेटर, डायनॅमो, वायरिंग ही कामे कोणीही शिकू शकतो. हेडबाबत इतकेच महत्त्वाचे, की ॲल्युमिनियम तापल्याने वाकते, तेव्हा सरळ पट्टी व फीलर गेज लावून त्याची सपाटी पाहावी आणि नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळावेत.

2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि इंजिन, चॅसी वा बॉडीत मोठे फेरबदल न झालेल्या गाडीला विंटेज गाडी म्हणून ‘व्हीए’ मालिकेतील नोंदणी मिळू शकते, त्यामुळे इंजिन बदलणाऱ्यांच्या व्यवहाराला कायद्यानेही खो बसला आहे. इंधनाचा प्रश्न मात्र नियमांनी सोपा केला नाही. देशभर 2000 मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हची जुनी सीट लवकर झिजू लागली आणि कठीण धातूच्या सीट बसवणे शहाणपणाचे ठरले. आता वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने पंपाचा रबरी पडदा व नळ्या खराब होतात आणि मिश्रण पातळ होते, म्हणून इथेनॉल सोसणारे रबर आणि कार्ब्युरेटरचा थोडा मोठा जेट यांचा विचार इंजिन बांधतानाच करावा लागतो.

याहून मोठी अडचण लेथची आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा पाया 1962 मध्ये ठाण्याच्या ज्या वागळे इस्टेटमध्ये घातला गेला, तेथे आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत बोरिंग, होनिंग व क्रँक ग्राइंडिंग करणारी छोटी वर्कशॉपे होती. त्या जागांवर आता कार्यालये आणि मनोरे येत आहेत, आणि उरलेल्या कारागिरांकडे एका ब्लॉकच्या कामासाठी वेळ नसतो. पुनर्विकासानंतर पार्किंगमध्ये इंजिन उतरवायला सोसायट्या परवानगी देत नाहीत. ब्लॉक बोरिंगला देण्यापूर्वी त्याच्या मापांची नोंद स्वतः करून ती कारागिराच्या हाती लेखी द्यावी आणि पिस्टन आधी आणून त्यांच्या प्रत्यक्ष मापानेच बोअर कापून घ्यावा, एवढी शिस्त पाळणाऱ्याचे काम मात्र या परिस्थितीतही पार पडते.