पटलाचा बाक ओळखणारी प्रथिनं (पेशीतले कारागीर : भाग 7)

हळदीला कंदकूज लागू नये म्हणून परभणी-हिंगोलीकडचे शेतकरी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या ‘बायोमिक्स’ची आळवणी करतात. उपयुक्त बुरशी आणि जिवाणूंचं हे मिश्रण. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूची पावडर तर कृषी सेवा केंद्रांतही मिळते. मे महिन्यात परभणीचा पारा 44 अंशांवर चढतो, तरी पुड्यातला बॅसिलस तग धरून राहतो. कारण तिथे तो बीजाणूच्या रूपात असतो: कोरडा, निद्रिस्त आणि अंगावर चिलखत चढवलेला. उकळतं पाणीसुद्धा काही काळ सोसणाऱ्या या बीजाणूचं चिलखत नेमकं कुठे बांधायचं, हे पेशीला कसं कळतं?

उपासमार सुरू झाली की बॅसिलस मधोमध विभागत नाही. एका टोकाला छोटा कप्पा पाडतो. मग मोठी मातृपेशी त्या छोट्या पेशीला चहूबाजूंनी वेढून गिळून टाकते. आता मातृपेशीच्या पोटात एक गोळा आहे, त्यावर पटलाचे दोन थर आहेत आणि चिलखत चढवायचं आहे ते बाहेरच्या थरावर. अडचण अशी, की मातृपेशीचं स्वतःचं पटलही तशाच मेदरेणूंचं. चिलखताची प्रथिनं चुकून तिकडे जाऊन बसली, तर सगळंच फसलं.

दोन्हींत फरक आहे तो बाकाचा. मातृपेशीच्या आतून पाहिलं तर तिचं पटल सगळीकडे खोलगट दिसतं. फुगीर दिसतो तो फक्त पोटातला गोळा.

हा फुगीरपणा ओळखतं स्पो-फाइव्ह-एम नावाचं प्रथिन. त्यात अमिनो आम्लं आहेत अवघी 26. कुमारन राममूर्ती, रिचर्ड लोसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं, की हे प्रथिन फुगीर पटल पसंत करतं. शुद्ध केलेल्या प्रथिनापुढे मेदाचे लहानमोठे फुगे ठेवले, तर ते जास्त बाकाच्या लहान फुग्यांकडे ओढलं जातं. ना दुसऱ्या प्रथिनाची खूण, ना रासायनिक चिठ्ठी. नुसता आकार पुरेसा ठरतो.

इथे खरं कोडं सुरू होतं. प्रथिनाची लांबी चार नॅनोमीटरच्या आसपास, गोळा मात्र जवळजवळ एक मायक्रोमीटरचा, म्हणजे शेकडो पटींनी मोठा. सपाट शिवारात उभ्या माणसाला पृथ्वीची गोलाई जाणवत नाही, तशीच एकट्या रेणूची गत व्हायला हवी. उत्तर दोन पदरी निघालं. फुगीर पटलात हा रेणू थोडा अधिक वेगाने शिरतो; आणि एकदा शिरला, की पुढच्यांना तिथे बसणं सोपं करतो. सुरुवातीचा किरकोळ फरक अशा गर्दीतून मोठा होतो. नवव्या जागेवरचं प्रोलिन काढून तिथे ॲलॅनिन घातलं, तर ही पारख जाते आणि प्रथिन दोन्ही पटलांवर बसू लागतं. एका अमिनो आम्लावर एवढं अवलंबून असावं, ही विलक्षण गोष्ट आहे.

जागा पक्की झाली की स्पो-फोर-ए येऊन या प्रथिनाला धरतं, एटीपी खर्चून एकमेकांत गुंफलं जातं आणि गोळ्याभोवती पाया घालतं. त्यावर चिलखताची सत्तर-ऐंशी प्रकारची प्रथिनं चढतात. संशोधकांनी सिलिकाच्या मण्यांवर मेदाचं पटल चढवून ही दोन प्रथिनं बसवली आणि कृत्रिम बीजाणूसारखे कण घडवले. औषध वाहून नेण्यासाठी त्यांचा उपयोग होईल का, हेही तपासलं जात आहे.

बाकाशी असलेलं दुसरं नातं पुण्यात उलगडलं जात आहे. आयसर या संशोधन संस्थेतल्या थॉमस पुकाडिल यांच्या प्रयोगशाळेत काचेवर मेदाच्या अतिशय बारीक नळ्या तयार करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर डायनामिन नावाचं प्रथिन सोडतात. डायनामिनचे रेणू नळीभोवती कडं करतात, जीटीपी हे इंधन मिळताच ते आवळतात आणि चमकणारी नळी तुटते. सृष्टी दर, सुकृत कामेरकर आणि पुकाडिल यांनी ही पद्धत 2015 मध्ये ‘नेचर सेल बायॉलॉजी’त मांडली. इथे प्रथिन बाक ओळखून थांबत नाही. कडं पूर्ण होताना पटल आणखी वाकवतं. डायनामिनच्याच कुळातलं डीआरपी-1 हे काम मायटोकॉन्ड्रियावर करतं, आणि अशी नळी आवळून तोडायला ते एकटं पुरतं, हे याच प्रयोगशाळेने 2018 मध्ये दाखवलं. पुढच्या भागात त्याच डीआरपी-1ची कामगिरी पाहू.