संकासूर आणि दर्पण: घोटाळ्याची बातमी आणि घोटाळ्यावरचं हसू



आजचा विषय तुमच्यातल्याच काही तरुण मंडळींनी सुचवला. त्यांच्या मोबाईलवर अमेरिकेतल्या रात्रीच्या कार्यक्रमांचे तुकडे येत असतात. कोट-टाय घातलेला माणूस टेबलामागे बसतो, वॉशिंग्टनमध्ये दिवसभरात जे काही बाहेर आलं त्याची टर उडवतो आणि समोरचे लोक खो खो हसतात. मुलांनी विचारलं, "सर, हिला पत्रकारिता म्हणायची की करमणूक?" मला हा प्रश्न मुळात ज्ञानाचा वाटतो. एखादी गोष्ट कळणं म्हणजे काय? बातमी वाचून जे कळतं आणि विनोद ऐकून जे कळतं, ते एकच असतं का?

आता रात्री जागून सत्तेची खिल्ली ऐकण्यासाठी आपल्या जिल्ह्याला अमेरिकेकडे बघायची गरज नाही. दिवाळी झाली, गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की देवळासमोर दशावतार उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. त्यात आख्यानाच्या आधी आडदशावतार असतो आणि त्यात येतो तो संकासूर. काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा. देव संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात, आणि हा बोलतो चक्क मालवणीत. हातात लिहिलेली संहिता नसते. गावात काय चाललंय, कोण मोठेपणा मिरवतोय, याच्यावर तो नाईकाशी बोलता बोलता कोपरखळ्या मारतो. कोपरखळी ज्याला बसते तो पुढच्या रांगेत बसलेला असतो, आणि त्यालाही हसावंच लागतं.

दुसरी गोष्टही आपल्याच जिल्ह्यातली. देवगड तालुक्यातलं पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. त्यांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं आणि मराठी पत्रकारितेचा पाया घातला. नाव बघा, दर्पण. म्हणजे आरसा. संकासूर तोंड झाकून बोलतो, आणि आरसा समोरच्याचं तोंड दाखवतो. दोघांचीही कामं सत्याशी जोडलेली, पण ती एक नव्हेत.

हा फरक एका घोटाळ्यावरून समजून घेऊ. 1980 साली अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. मूळचे रायगडमधल्या आंबेतचे, म्हणजे कोकणातलेच. त्या काळी सिमेंटवर सरकारचं नियंत्रण होतं. घर बांधायचं तर परवान्याशिवाय पोतं मिळत नसे, आणि मुंबईतल्या बिल्डरांना तर पोती हजारोंनी लागत. 31 ऑगस्ट 1981 रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि तसल्या विश्वस्त निधींना ज्यांच्याकडून देणग्या आल्या आणि ज्यांना सिमेंट मिळालं, त्यांचा मेळ त्यात घातला होता. मग प. बा. सामंत, मृणाल गोरे ही मंडळी उच्च न्यायालयात गेली. 12 जानेवारी 1982 रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष दिला, आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. लेखापासून निकालापर्यंत सगळे मिळून साडेचार महिने. फेब्रुवारीअखेर सिमेंटवरचं नियंत्रणही अंशतः उठलं.

त्या दिवसांत 'सिमेंट' हा शब्दच विनोद झाला होता. कट्ट्यावर, गाडीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तो विनोद कळायला आधी बातमी ठाऊक असावी लागत होती. ज्याने पेपर वाचलेला नाही, त्याला देणगी आणि पोतं यांच्यावरच्या कोटीत हसण्यासारखं काय आहे हे कळणारच नाही. माझा पहिला मुद्दा हा: विनोद बातमीच्या खांद्यावर उभा असतो. कुणीतरी आधी चार महिने कागद चाळलेले असतात, कुणीतरी पावत्या आणि परवाने शेजारी शेजारी ठेवून बघितलेले असतात. विनोदकार त्या कष्टाचं व्याज खातो. आणि न्यायालयाला तर विनोद पुरावा म्हणून चालत नाही, त्याला तारीख लागते, रक्कम लागते, सही लागते.

मग विनोदाचं काम काय? दोन कामं मला दिसतात. एक, तो भीती घालवतो. राजाच्या दरबारात ज्याचं नाव घ्यायला माणसं घाबरतात, त्याच्यावर शंभर माणसं एकत्र हसली की प्रत्येकाला कळतं, 'अरे, मला वाटतं तेच बाकीच्यांनाही वाटतंय!' बातमी माणूस एकटा वाचतो, हसतो मात्र चारचौघांत. आचार्य अत्र्यांनी 1956 साली 'मराठा' काढला, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला त्यांच्या अग्रलेखांइतकाच त्यांच्या हशाचाही आधार होता. 1960 साली 'मार्मिक' निघालं ते तर व्यंगचित्रांचंच साप्ताहिक. दुसरं काम स्मरणाचं. आकडे विसरले जातात, पण कोटी राहते. चाळीस वर्षांनंतरही जुनी माणसं 'सिमेंट' म्हटलं की डोळे मिचकावतात.

आता दुसरी बाजू. इमॅन्युएल कान्ट हा जर्मन तत्त्वज्ञ, गंभीर माणूस, पण हसण्यावर त्याने 1790 च्या ग्रंथात फार नेमकं लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की मनात एक अपेक्षा ताणली जाते आणि ती एकाएकी शून्यात विरते, तेव्हा हसू येतं. हे राजकीय विनोदाला लावून बघा. घोटाळा ऐकला की मनात राग ताणला जातो. तो राग कुठंतरी जायला हवा असतो, म्हणजे ग्रामसभेत, अर्जात, मतपेटीत. विनोद त्याला वाटेतच हशात विरघळवतो. माणूस हलका होतो, झोपी जातो. सकाळी घोटाळा तिथेच असतो.

सत्ताधाऱ्यांनाही हे गणित कळतं बरं का. रिचर्ड निक्सन 1968 च्या निवडणुकीत उभे होते, तेव्हा ते स्वतः 'लाफ-इन' नावाच्या विनोदी कार्यक्रमात चार शब्द बोलायला गेले. रुक्ष माणूस अशी प्रतिमा होती, ती जरा मऊ झाली. निवडूनही आले. मग 17 जून 1972 च्या रात्री वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत, विरोधी पक्षाच्या कार्यालयात पाच माणसं पकडली गेली. 'वॉशिंग्टन पोस्ट'चे वुडवर्ड आणि बर्नस्टीन हे दोन तरुण बातमीदार धागा सोडेनात. तरी त्याच नोव्हेंबरात निक्सन पन्नासपैकी 49 राज्यं जिंकले! म्हणजे नुसत्या बातमीनेही भागलं नाही. पुढे न्यायालय, सिनेटची समिती, ध्वनिफिती, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, हे सगळं घडलं तेव्हा 9 ऑगस्ट 1974 ला ते पायउतार झाले. या जवळपास सव्वीस महिन्यांत रात्रीच्या कार्यक्रमांतून त्यांच्यावर विनोद होतच होते. पण त्यांना घालवलं ते कागदांनी आणि फितींनी.

याच्या उलटही उदाहरण आहे. 29 एप्रिल 2006 रोजी वॉशिंग्टनमधल्या पत्रकारांच्या मेजवानीत स्टीफन कोल्बेर यांनी अध्यक्ष बुश समोर बसलेले असताना त्यांची तोंडावर स्तुती केली, आणि ती स्तुती इतकी तिरकी होती की सभागृह अवघडून गेलं. त्यांनी चिमटे पत्रकारांनाही काढले, की तुम्ही इराक युद्धाच्या वेळी पुरेसे प्रश्न विचारले नाहीत. आरसाच धूसर झाला होता, म्हणून संकासुराला आरशाची आठवण करून द्यावी लागली.

आणखी एक धोका सांगतो, तो सर्वांत जुना. ख्रिस्तपूर्व 423 मध्ये अथेन्समध्ये अॅरिस्टोफेनिसचं 'मेघ' हे नाटक झालं. त्यात सॉक्रेटिसला टोपलीत बसवून हवेत लटकवलं होतं, तरुणांना बिघडवणारा, शब्दांचा खेळ करणारा म्हणून.  चोवीस वर्षांनी सॉक्रेटिसवर खरा खटला चालला, तेव्हा प्लेटोच्या वृत्तांतात तो म्हणतो की माझे जुने आरोपकर्ते वेगळेच आहेत, आणि तिथे त्या विनोदी नाटककाराचा उल्लेख येतो. हसण्याने तयार झालेलं मत पुराव्याने पुसता येत नाही. म्हणून विनोद कुणावर होतोय, बलवानावर की एकट्या पडलेल्यावर, हे बघणं नीतीचं काम आहे.

मग वाईट विनोदावर बंदी घालावी का? माझं उत्तर, नाही. 2012 साली असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. 2015 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की या चित्रांत भ्रष्टाचाराबद्दल राग आहे, विनोद किंवा चातुर्य मात्र दिसत नाही. तरीही अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर घाला घालता येणार नाही. मला हा निकाल फार शहाणा वाटतो. विनोद फसला तर त्याची शिक्षा म्हणून लोकांनी हसू नये, एवढी पुरे. पोलीस कशाला?

आता घराजवळ येऊ. मालवणला राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 रोजी शिवछत्रपतींच्या 35 फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. सरकारकडून ताशी 45 किलोमीटरच्या वाऱ्याचं कारण सांगितलं गेलं, आणि त्यावर मोबाईलवर विनोदांचा पाऊस पडला. मालवणच्या माणसाला वारा म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको, त्यामुळे ते हसू समजण्यासारखं होतं. पण महत्त्वाचे प्रश्न वेगळे होते. काम कुणाला दिलं, कशाच्या आधारे दिलं, आतल्या लोखंडाची तपासणी कुणी केली, त्यावर कुणाची सही आहे? शिल्पकार आणि सल्लागार यांना अटक झाली, पंतप्रधानांनी माफी मागितली. वाऱ्यावरचे विनोद आपल्याला अजून आठवतात. सहीचा प्रश्न किती जणांना आठवतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

आणि हे प्रश्न विचारण्याची किंमत कोण मोजतं, तेही बघा. 6 फेब्रुवारी 2023 रोजी राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीने चिरडलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. रिफायनरीच्या परिसरातल्या जमीन व्यवहारांशी संबंधित एका माणसाबद्दलची त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती, आणि पोलिसांनी अटक केली ती त्याच माणसाला. न्यायालयाचं काम न्यायालय करील. मला एवढंच दिसतं की न्यूयॉर्कच्या विनोदकाराच्या मागे वाहिनी असते, वकील असतात. तालुक्याच्या बातमीदाराच्या मागे बहुतेक वेळा कुणीही नसतं. त्याला मानधनही धड मिळत नाही, आणि आपण त्याचा पेपर हॉटेलात फुकट वाचतो.

तरुणांनो, आज मला सर्वांत जास्त भीती वाटते ती एका वाक्याची: "सगळे सारखेच रे!" हे वाक्य शहाणपणासारखं ऐकू येतं. पण त्यातून चोराला आनंदच होतो, कारण सगळेच चोर असतील तर त्याला एकट्याला पकडायचं कारण उरत नाही. चांगला विनोद नाव घेऊन बोट दाखवतो. आळशी विनोद सगळ्यांवर चिखल उडवतो आणि कुणालाच जबाबदार धरत नाही.

म्हणून एक साधी सवय लावून घ्या. एखाद्या घोटाळ्यावरचा विनोद तुम्हाला हसवून गेला की तीन गोष्टी शोधा: पहिली बातमी कुणी दिली, कागद कोणता आहे, आणि चौकशी आता कुठे अडकलीय. तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हातात आहे. दहा रुपयांचा अर्ज आहे. आणि गावातल्या बातमीदाराचा पेपर विकत घ्या.

दशावतारात संकासूर वेद पळवतो, आणि ते परत आणायला विष्णूला यावं लागतं. लोकशाहीत विष्णू येणार नाही. पळवलेले कागद परत आणायचं काम पहाटेपर्यंत जागलेल्या प्रेक्षकांचंच आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.