गोदामे भिवंडीलाच का?

ठाण्याहून नाशिककडे जाणाऱ्या एस. टी.त खिडकीजवळची जागा मिळाली, तर माणकोली ते वडपे या टप्प्यात बाहेर नीट पाहा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची लांबच लांब छपरे दिसतील. ही गोदामे. तुमच्या पायातले बूट, आजोबांची औषधे, घरातला पंखा, शाळेच्या वह्या यांपैकी काहीतरी दुकानात येण्यापूर्वी अशा एखाद्या छपराखाली मुक्काम करून आलेले असण्याचा बराच संभव आहे. भिवंडी म्हटले की आपल्याला यंत्रमाग आठवतात. पण शहराच्या आसपासच्या पूर्णा, काल्हेर, दापोडे, माणकोली अशा गावांनी आता देशातील एक मोठे गोदाम-केंद्र उभे केले आहे.

मागे एकदा वर्गात घर्षण शिकवत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, माल उतरतो न्हावा शेवा बंदरात, विकला जातो मुंबईत, मग मध्येच तो भिवंडीला नेऊन ठेवायचा हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?" प्रश्न भूगोलाचा खरा, पण त्याचे उत्तर आम्ही पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शोधले. तुम्हालाही ते घरी शोधता येईल.

एक गुळगुळीत लाकडी फळी घ्या. तिच्यावर मुंबईच्या परिसराचा नकाशा चिकटवा. मुंबई व न्हावा शेवा यांच्या जागी एकेक छिद्र पाडा. नाशिक व अहमदाबाद नकाशात मावणार नाहीत. त्यांच्या दिशेला, नकाशाच्या कडेवर छिद्रे पाडली तरी चालेल. आता एका मण्याला चार दोरे बांधा. एकेक दोरा एकेका छिद्रातून खाली सोडा आणि फळी दोन स्टुलांवर आडवी ठेवून दोऱ्यांना वजने लटकवा. ज्या ठिकाणी जितक्या मालाची ये-जा, तितके वजन. समजा, मुंबईला 500 ग्रॅम आणि उरलेल्या तिघांना प्रत्येकी 200 ग्रॅम. मणी मध्यभागी धरून सोडून द्या. तो सरकत सरकत एका जागी स्थिर होईल.

ही जागा कोणती? प्रत्येक वजन खाली जाण्याची धडपड करीत असते. म्हणून मणी अशा जागी थांबतो, की जेथे प्रत्येक वजन गुणिले त्याच्या दोऱ्याची फळीवरील लांबी, या गुणाकारांची बेरीज लघुतम असते. आता 'वजन'ऐवजी 'माल' म्हणा आणि 'दोऱ्याची लांबी'ऐवजी 'अंतर' म्हणा. ही बेरीज म्हणजेच वाहतुकीचे टन-किलोमीटर! जेथे मणी थांबेल तेथे गोदाम बांधले, तर वाहतूक सर्वांत कमी. बलांच्या समतोलाचा अभ्यास करणारा फ्रेंच गणिती पिएर व्हॅरिन्यों (1654-1722) याच्या नावाने ही फळी ओळखली जाते. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने कारखान्यांच्या जागेविषयी 1909 मध्ये ग्रंथ लिहिला, त्यातही तिचा उपयोग केला आहे.

एक गोष्ट ध्यानात आली का? दोऱ्याचा ओढा वजनावर अवलंबून असतो, अंतरावर नाही. म्हणूनच दूरच्या गावाचे छिद्र नकाशाच्या कडेवर पाडले तरी चालते. दिशा तेवढी अचूक हवी.

आता तुमचा मणी कोठे थांबला ते पाहा. तो थेट मुंबईच्या छिद्रापाशी जाऊन बसला असेल! नाशिक, अहमदाबाद आणि न्हावा शेवा वेगवेगळ्या दिशांना ओढतात, त्यामुळे त्यांचे परिणामी बल 500 ग्रॅमच्या ओढ्यापुढे टिकत नाही. म्हणजे फळीच्या मते गोदामे मुंबईतच हवीत. एके काळी ती होतीही. मग ती बाहेर का पडली?

आता एक बांगडी घ्या. मुंबईच्या छिद्राभोवती, नकाशावरच्या शहराच्या हद्दीएवढी, ती लाखेच्या ठिपक्यांवर किंचित उचलून बसवा. ठिपके पश्चिमेच्या अर्ध्या भागात ठेवा. दोरा बांगडीखालून सरकेल, पण मणी आत जाऊ शकणार नाही. ही बांगडी म्हणजे जकात. शहरात येणाऱ्या मालावर महापालिका हा कर घेत असे आणि त्यासाठी मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द येथे नाके होते. जो माल पुढे नाशिकला किंवा गुजरातला जायचा, तो आधी नाक्यातून आत न्यायचा आणि पुन्हा बाहेर काढायचा, यात पैसा आणि वेळ दोन्ही खर्ची पडत. त्यापेक्षा तो नाक्याबाहेर ठेवावा आणि मुंबईला लागेल तेवढाच आत न्यावा, हे व्यापाऱ्याने ओळखले.

बांगडी बसवून मणी पुन्हा सोडा. तो बांगडीला टेकून थांबेल, पण कोणत्या अंगाला? ईशान्येच्या. भिवंडी आहे नेमकी तिकडेच!

आता खरी मौज पुढे आहे. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. बांगडी उचलली गेली. मग गोदामे परत मुंबईत का गेली नाहीत? पहिले कारण असे की तेथे दुसरी बांगडी होतीच. ती जमिनीच्या किमतीची. गोदामाला ऐसपैस, सपाट जागा लागते. मुंबईत ती परवडत नाही. दुसरे कारण तुम्ही फळीवरच शोधू शकता. फळीवर खरखरीत कापड चिकटवा आणि बांगडी काढा. मणी जागचा हलत नाही! हे स्थितिक घर्षण. बांधलेली गोदामे, ट्रकवाल्यांच्या कचेऱ्या, पंक्चर काढणारे, माथाडी कामगार, फोर्कलिफ्ट चालविणारी मुले, चहाच्या टपऱ्या हे सारे एकदा जमले की ते सहजी उठत नाही. गावाला धरून ठेवणारे घर्षण म्हणजे तेथील कसबी माणसे.

पण घर्षणालाही मर्यादा असते. बल त्या मर्यादेपलीकडे गेले की वस्तू सरकते. न्हावा शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले, तेव्हा फळीवर एक नवे छिद्र पडले. नागपूरहून निघणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातील आमणे गावापाशी संपतो. त्याचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. नाशिकच्या बाजूचे वजन वाढले, तर मणी मुंबईपासून सुटून तिकडे ओढला जाईल. उलट रस्ते तुंबले, ट्रक तासन् तास उभे राहू लागले, तर व्यापारी दुसरे गाव शोधेल. कारण त्याच्या हिशेबात किलोमीटरइतकाच तासही मोलाचा असतो.

तेव्हा आपल्या गावात गोदामे यावीत असे एखाद्या गावाला वाटले, तर त्याने काय पाहावे? नकाशावरची जागा बदलता येत नाही; रस्ता, वीज, पक्की जमीन आणि शिकलेले हात मात्र मिळवता येतात. परंतु मित्रांनो, आमच्या फळीवर न दिसणारी दोन वजने आहेत, आणि ती व्यापाऱ्याला नव्हे, गावाला उचलावी लागतात.

पहिले वजन मालाचे. सुमारे 1.2 चौरस मीटरच्या लाकडी चौकटीवर एक टन माल, आणि अशा चार चौकटी एकावर एक. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 3,300 किलो भार. राहत्या घराचा मजला साधारणपणे 200 किलो धरून आखलेला असतो. सोळापट फरक! 29 एप्रिल 2023 रोजी माणकोलीजवळ वळपाडा येथे खाली गोदाम व वर राहती घरे असलेली तीन मजली इमारत कोसळली आणि माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेचे कारण काहीही असो. भाराचा हिशेब न करता घराचे गोदाम करू नये, एवढे भौतिकशास्त्र नक्की सांगते.

दुसरे वजन पाण्याचे. ही गोदामे बरीचशी भातखाचरांवर उभी आहेत. एक हेक्टर खाचरात 20 सेंटिमीटर पाणी साचले, तर ते 2,000 घनमीटर, म्हणजे 20 लाख लिटर होते. बांधाआड ते सावकाश मुरते. तेथे भराव घालून वर काँक्रीट केले, की तेच पाणी लगोलग नाल्यात धावते, आणि तेथून सखल भागातल्या वस्तीत. नाले रुंद ठेवणे, पावसाचे पाणी साठविणे यांचा खर्च गोदामाच्याच हिशेबात धरला पाहिजे.

सुटीत ही फळी जरूर करून पाहा. मुंबईऐवजी आपल्या जिल्ह्याचे गाव, बंदराऐवजी बाजार समिती, नाशिकऐवजी रेल्वे स्टेशन घ्या. मणी तुमच्या गावापाशी थांबला तर आनंदच आहे. मात्र त्यानंतर एक फेरफटका मारून गावातला ओढा आणि खाचरे पाहून या. ती फळीवर नसली तरी हिशेबात असायलाच हवीत.