आडनाव विचारून प्लॉट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नांदेड-लातूरला प्लॉट बघायला गेलं की दराची बोलणी सुरू व्हायच्या आधीच अनेकदा प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’ आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव, मग पाहुणे कुठले. या चौकशीला कायद्याचा आधार आहे असं काहींना वाटतं, तर कायद्यानं ती कधीच बंद केली असं काहींना. दोन्ही समज अर्धवट आहेत.

गैरसमज: जातीवरून घर नाकारणं राज्यघटनेनं सरसकट बंद केलंय.

कलम 15 चा पहिला भाग सरकारला बांधतो. दुसरा भाग दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांबद्दल बोलतो. खासगी घराचा त्यात उल्लेख नाही. 2005 मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फक्त पारशांना सदस्यत्व देणारा उपविधी वैध ठरवला. संघटना करण्याचं स्वातंत्र्य हा त्याचा एक मुख्य आधार होता. मला हा निकाल पटत नाही. मूठभर समाजानं एकत्र राहणं वेगळं आणि गावातल्या बलवान जातीनं इतरांना बाहेर ठेवणं वेगळं. दुसऱ्यालाही या तर्कात वाट मिळते. असं बाहेर ठेवणं इतरत्रही झालं: अमेरिकेत उपनगरांतल्या खरेदीखतांतच काळ्या माणसांना घर विकू नये अशी अट लिहिलेली असे. न्यायालयांनी ती अमलात आणू नये, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1948 मध्ये ठरवलं आणि 1968 मध्ये घरविक्री व भाड्यातल्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला. आपल्याकडे खासगी घरांसाठी तसा स्वतंत्र कायदा आजही नाही.

गैरसमज: किल्लारीच्या भूकंपानंतर सगळे एका रांगेत आले.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे वाडे आणि झोपड्या एकदमच कोसळल्या, हे खरं. पण नवी गावं वसवताना घराचं माप जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला 400, सात हेक्टरांहून जास्त जमीन असलेल्याला 750. या नियमात जातीचा शब्दही नव्हता. मात्र मराठवाड्यात भूमिहीन कोण होते? मोठ्या संख्येनं दलित. जमिनीच्या वाटणीतली जुनी विषमता अशी सिमेंटच्या भिंतींत उतरली. मदत खरी होती, पक्की घरंही मिळाली. तरी सरकारी निकषानं जुनी उतरंड नव्यानं आखली, हे नोंदवायलाच हवं.

गैरसमज: सातबाऱ्यावर ‘वर्ग 2’ दिसलं की जमीन वादातली.

तसं नाही. भोगवटादार वर्ग 2 म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन; विकायला बहुधा सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. किनवटकडे आदिवासींच्या जमिनीबाबत महसूल संहितेचं कलम 36 क आहे. शासनाच्या पूर्वमान्यतेनं जिल्हाधिकाऱ्यांनी मंजुरी दिल्याशिवाय ती बिगर-आदिवासीला विकता येत नाही. सावकार आणि व्यापाऱ्यांच्या हाती जमिनी गेल्या, म्हणून ही अट आली. एकाच जातीपुरत्या ठेवलेल्या कॉलनीशी तिची तुलना करणारे ती कुणाच्या रक्षणासाठी आहे, हेच विसरतात.

गैरसमज: सोसायटीची कमिटी नाही म्हणाली की विषय संपला.

2005 चा निकाल नोंदणीकृत उपविधीबद्दल होता. अध्यक्षांच्या तोंडी नियमाला त्याचा आधार मिळत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक सोसायट्या आदर्श उपविधी स्वीकारतात आणि त्यांत जातीची अट नाही. म्हणून आधी उपविधींची प्रत मागा. सदस्यत्वाचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार पुरेसं कारण असल्याशिवाय पात्र माणसाला नाकारता येत नाही. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सदस्यत्व मिळाल्याचं मानलं जातं आणि नकार आला तर निबंधकाकडे अपील करता येतं.